सिम्युलेशन आधी की टेबलवरची चाचणी? पंप स्टार्टरच्या कार्डावरून कामाचा क्रम

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागांत पॅनेल, स्टार्टर, छोटे कंट्रोलर बनवणारे बरेच कारखानदार आता इलेक्ट्रॉनिक कार्डही स्वतःच काढू लागले आहेत. त्यांच्यात दोन चुका सारख्या दिसतात. काहीजण सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघताना, आलेख सरळ आला की लगेच बोर्डांची मोठी ऑर्डर देऊन टाकतात. काहीजण सिम्युलेशन हा कॉलेजातला विषय समजून थेट सोल्डरिंगला बसतात आणि काही जळालं की एकेक पार्ट बदलत राहतात. दोघांच्याही पैशाचं आणि वेळेचं नुकसान होतं, कारण कोणत्या प्रश्नाचं उत्तर कुठं मिळणार आहे हे त्यांनी आधी ठरवलेलं नसतं.

खालचा क्रम नदीकाठच्या शेतीपंपासाठी लागणाऱ्या ३-फेज स्टार्टरच्या कार्डावर बेतला आहे. सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज जाणं) आणि ड्राय रन (पाण्याविना पंप चालणं) यांपासून संरक्षण, कमी-जास्त व्होल्टेजला ट्रिप आणि मोबाइलवरून चालू-बंद, एवढी कामं हे कार्ड करतं. तुमचं कार्ड वेगळं असलं तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १ : प्रश्न लिहून काढा, आकड्यासकट

सॉफ्टवेअर उघडण्याआधी आणि स्कोपची (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) किंमत विचारण्याआधी वही घ्या. कार्डाबद्दल जे जे माहीत नाही ते प्रश्नाच्या रूपात लिहा. प्रत्येक प्रश्नात आकडा, एकक आणि अट हवी. ‘सप्लाय नीट चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर कोणतंही यंत्र देऊ शकत नाही. ‘मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल २ अँपिअर ओढताना त्याच्या पिनवरचं व्होल्टेज ३.४ च्या खाली जातं का?’ हा प्रश्न तपासता येतो.

आमच्या उदाहरणातले काही प्रश्न असे:

- एक फेज गेल्यावर, मोटार फिरत असताना, किती सेकंदांत ट्रिप होते?
- विहिरीतलं पाणी संपल्यावर करंट किती उतरतो? व्होल्टेज वाढलेलं असताना तो किती उतरतो?
- रिलेची कॉइल सुटताना ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट येतात?
- पत्र्याचा बॉक्स उन्हात बंद असताना रेग्युलेटर किती तापतो?
- लाइट जाऊन आल्यावर प्रोग्रॅम कोणत्या अवस्थेत उठतो?

तपासा: ज्या प्रश्नाचं ‘पास’ किंवा ‘नापास’ असं उत्तर होत नाही, तो पुन्हा लिहा. पुढच्या टप्प्यांतला बहुतेक गोंधळ इथंच टळतो.

## टप्पा २ : आधी कागदावर सुटतात ते प्रश्न सोडवा

यादीतल्या निदान चौथाई प्रश्नांना कॅल्क्युलेटर पुरतो. ७८०५ रेग्युलेटरला १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टवर ३०० मिलीअँपिअर काढायचे असतील तर उष्णतेत जाणारी शक्ती (१२ − ५) × ०.३ = २.१ वॅट. या पॅकेजला हीटसिंक नसेल तर दर वॅटला साधारण ६५ अंश तापमान चढतं. म्हणजे हवेच्या तापमानावर आणखी १३५ अंशांच्या आसपास. बॉक्समधली हवाच ४५ अंश असेल तर हा रेग्युलेटर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडणार. यासाठी सिम्युलेशनही नको आणि बोर्डही नको. हीटसिंक लावा किंवा स्विचिंग रेग्युलेटर घ्या.

## टप्पा ३ : उरलेल्या प्रश्नांची वाटणी

उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला चार गोष्टी विचारा.

१. या भागाचं विश्वासू मॉडेल मिळतं का? रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अँप यांची मिळतात. तुमच्या गिऱ्हाइकाच्या विहिरीतल्या, दोनदा रिवाइंड झालेल्या मोटारीचं मिळत नाही.

२. उत्तर बोर्डाच्या आखणीवर, तारांच्या लांबीवर किंवा उष्णतेवर अवलंबून आहे का? असेल तर शेवटचा शब्द टेबलवरच्या मोजणीचा.

३. प्रत्यक्ष करून बघणं धोक्याचं किंवा महाग आहे का? असेल तर सिम्युलेशन आधी.

४. भागांच्या फरकाचा प्रश्न आहे का? तुमच्या टेबलवर एकच नमुना असतो, बाजारातून मात्र हजार वेगवेगळे येतात. पीसी-८१७ हा ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल पुढं देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घ्या. दिलेल्या करंटच्या किती टक्के करंट तो पुढं देतो, हा आकडा ‘ए’ दर्जात ८० ते १६० आणि ‘सी’ दर्जात २०० ते ४०० असतो. टेबलवर एक कार्ड चाललं याचा अर्थ सगळी चालतील असा होत नाही. हा प्रश्न सिम्युलेशनचा.

प्रत्येक प्रश्नापुढं ‘सि’, ‘टे’ किंवा ‘दोन्ही’ असं लिहा. ‘दोन्ही’ची यादी लांब झाली तर घाबरू नका. पैसे नेमके तिथंच वाचतात, कारण सिम्युलेशनमुळं टेबलवर काय मोजायचं आणि किती यायला हवं हे आधी कळतं.

सावधान: ज्या साधनाची सवय आहे तिकडं सगळे प्रश्न ढकलायचा मोह होतो. प्रोग्रॅमिंग येणारा सगळं संगणकावर नेतो, वायरमन सगळं मीटरवर. यादी दुसऱ्याला वाचायला द्या.

## टप्पा ४ : सिम्युलेशन

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. बोर्डाची आखणी कायकॅडमध्ये करत असाल तर त्यातच एनजीस्पाइस मिळतं. प्रोग्रॅमचा तर्क तपासायला ब्राउझरमधलं वोक्वी चालतं. त्यात आर्डुइनो आणि ईएसपी-३२ हे दोन्ही मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहेत. नवीन माणसानं यापलीकडं आधी जाऊ नये.

४.१ पूर्ण कार्ड एकदम काढू नका. सप्लाय, सेन्सिंग, रिले ड्रायव्हर असे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचं उत्तर आधी अंदाजानं लिहा, मग चालवा. अंदाज आणि आलेख जुळले नाहीत तर पुढं जाऊ नका.

४.२ आदर्श भाग काढून टाका. सर्वात जास्त फसगत इथं होते, म्हणून एक हिशेब पूर्ण देतो. सिम-८००एल हे टू-जी मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालतं आणि सिग्नल पाठवताना सुमारे २ अँपिअरचे ठोके घेतं. एक ठोका ५७७ मायक्रोसेकंदांचा, दर ४.६ मिलीसेकंदाला. सिम्युलेशनमध्ये ४ व्होल्टचा आदर्श सोर्स लावला तर रेषा सरळ येते आणि मनाचं समाधान होतं. आता तोच सोर्स १ अँपिअरला मर्यादित करा. उरलेला १ अँपिअर कंडेन्सरला द्यावा लागतो. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५७७ मायक्रोसेकंदांत ०.५८ व्होल्ट उतरतो. त्याचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला तर आणखी ०.१ व्होल्ट. म्हणजे पिनवर ३.३२ व्होल्ट, मर्यादेच्या खाली. मॉड्यूल मधूनच बंद होऊन उठतं, आणि लोक सिमकार्डाला किंवा रेंजला दोष देत बसतात. सरासरी करंट पाव अँपिअरच असल्यानं मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही.

म्हणून प्रत्येक कंडेन्सरला अंतर्गत रोध द्या, सोर्सला करंटची मर्यादा द्या, लांब तारेला रोध आणि थोडं इंडक्टन्स द्या. छोट्या सिरॅमिक कंडेन्सरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची क्षमता छापील आकड्याच्या निम्म्यापेक्षाही कमी होऊ शकते. उत्पादकाच्या आलेखातून खरा आकडा घ्या.

४.३ टोकं चालवा. रेझिस्टर अधिक-उणे ५ टक्के, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर अधिक-उणे २० टक्के, ऑप्टोचा सर्वात मंद आणि सर्वात तेज नमुना. फेज-टू-फेज ४१५ व्होल्टचं शिखर ५८७ व्होल्ट असतं हे विसरून भागांचं रेटिंग ठरवू नका. शेतावरच्या लाइनीत न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. हे टेबलवर मुद्दाम घडवणं धोक्याचं आहे. सिम्युलेशनमध्ये एक आकडा बदलला की झालं.

४.४ टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेशन किती वेळाच्या अंतरानं हिशेब करतं ते, बघा. ठोका मायक्रोसेकंदांचा आणि टाइमस्टेप मिलीसेकंदाची असेल तर ठोका आलेखात दिसणारच नाही. सर्वात मोठी टाइमस्टेप ठोक्याच्या शंभराव्या भागाइतकी ठेवा.

४.५ प्रोग्रॅमच्या अवस्था फिरवा. लाइट गेली, आली, पुन्हा लगेच गेली. कॉल आला त्याच क्षणी ट्रिप झाली. टाइमर चालू असताना बटण दाबलं. असे प्रसंग टेबलवर शंभर वेळा घडवायला आठवडा लागेल. सिम्युलेटरकडून ईएसपी-३२ चा ब्राउनआउट (व्होल्टेज पडल्यावर चिप रीसेट होणं) आणि एडीसीवरचा (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) नॉइज कळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. वाय-फाय चालू असताना या चिपचं दुसरं एडीसी युनिट वापरता येत नाही, ही बाब डेटाशीट वाचून आधीच नोंदवा. पिना त्यानुसारच निवडा.

तपासा: प्रत्येक ‘सि’ आणि ‘दोन्ही’ प्रश्नापुढं अपेक्षित आकडा आणि त्याची खालची-वरची मर्यादा लिहिली आहे का? नसेल तर अजून बोर्ड मागवू नका.

## टप्पा ५ : टेबल मांडा

खरेदीचा क्रम मी असा धरतो: ट्रू आरएमएस (वाकड्यातिकड्या लहरीचंही खरं माप देणारा) आणि कॅट-३ ६०० व्होल्ट या सुरक्षा रेटिंगचा मल्टिमीटर, करंट मर्यादा लावता येणारा डीसी पॉवर सप्लाय, क्लॅम्प मीटर, सिरीज बल्ब (करंट आवरायला कार्डाच्या आधी मालिकेत जोडलेला बल्ब), आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर, आणि त्यानंतर दोन चॅनेलचा स्कोप. या कामाला ५० मेगाहर्ट्झचा स्कोप पुरतो. त्यावर खर्च वाढवण्याऐवजी डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारा) घ्या. ३-फेजच्या कामात तो नसेल तर स्कोप लाइनीच्या बाजूला लावूच नका.

सावधान : स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली की शॉर्ट. यावर ‘उपाय’ म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक आहेत. मग स्कोपचं अख्खं धातूचं अंग फेजवर येतं. हे कधीही करू नका.

सावधान : डिमरस्टॅट व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण लाइनीपासून वेगळं करत नाही. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो. आणि आयसोलेशनच्या पुढं हात लागला तर मागची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडेल या भरवशावर राहू नका. ४१५ व्होल्टवर काम करताना दुसरा माणूस खोलीत हवा आणि मेन कुठून पाडायचा हे त्याला माहीत हवं.

मोजण्याआधी प्रोब १०-एक्सवर ठेवा आणि स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीवर त्याचा स्क्रू जुळवा. कोपरे गोल किंवा टोकदार दिसत असतील तर पुढचं प्रत्येक माप चुकणार. जलद ठोका बघताना ग्राउंडची लांब वायर काढून छोटी स्प्रिंग वापरा. नाहीतर वायरचीच थरथर सर्किटची समजून बसाल.

## टप्पा ६ : पहिल्यांदा करंट देण्याचा क्रम

१. भिंगातून सोल्डरिंग बघा. डायोड, कंडेन्सर यांची दिशा बघा.

२. सप्लाय न देता ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याजवळ असेल तर थांबा.

३. लाइनीच्या बाजूला हात न लावता डीसी पॉवर सप्लायवरून, मर्यादा १०० मिलीअँपिअरवर ठेवून, कार्ड चालू करा. अपेक्षित करंट आधीच लिहिलेला असल्यानं जास्त आला की लगेच कळतं.

४. मग प्रोग्रॅम भरा. मग रिले. मग मॉड्यूल, आणि त्या वेळी मर्यादा वाढवा.

५. लाइनीची बाजू पहिल्यांदा सिरीज बल्बमधून. बल्ब प्रखर पेटला तर आत शॉर्ट आहे. स्विचिंग सप्लाय असेल तर बल्ब लुकलुकतो, ते चालतं.

६. रिलेवर आधी बल्बचा लोड, मग काँटॅक्टरची (मोटारीला लाइन जोडणारा मोठा स्विच) कॉइल, मग छोटी मोटार. मोठी मोटार सगळ्यात शेवटी.

घाईच्या दिवशी हाच क्रम मोडला जातो. पार्ट पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे असतील तर एक जळालेली चिप म्हणजे आठवडा गेला, हे लक्षात ठेवा.

## टप्पा ७ : मोटारीवरच्या चाचण्या

ड्राय रन आणि सिंगल फेजिंग या दोन प्रश्नांसाठी सिम्युलेशनवर विसंबलात तर माल परत येणार, हे मी ठामपणे सांगतो.

सिंगल फेजिंग. संगणकावर एक फेज शून्य करता आणि कार्ड झटक्यात ट्रिप होतं. प्रत्यक्षात फिरणारी ३-फेज मोटार एक फेज तुटल्यावरही दोन फेजवर फिरत राहते आणि तुटलेल्या वाइंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज तयार करते. ते मूळ फेजच्या इतकं जवळ असतं की फक्त व्होल्टेज बघणारं कार्ड ‘तिन्ही फेज आहेत’ असं समजतं. फेज तुमच्या सेन्सिंगच्या पुढं, म्हणजे काँटॅक्टरच्या पोलवर किंवा केबलमध्ये तुटली असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण सेन्सिंगला पूर्ण सप्लायच दिसतो. इकडं उरलेल्या दोन फेजचा करंट दीडपटीच्या वर जातो आणि वाइंडिंग जळतं.

म्हणून ही चाचणी चार प्रकारे करा: मोटार थांबलेली असताना आणि फिरत असताना, प्रत्येकी सेन्सिंगच्या आधी आणि नंतर एक फेज तोडून. तोडायला प्रत्येक फेजला वेगळा एमसीबी लावा, फ्यूज हातानं ओढू नका. दर वेळी तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट नोंदवा. करंटमधला असमतोल बघितल्याशिवाय हे संरक्षण पूर्ण होत नाही, हे आकडेच दाखवतील. काही शेतकरी दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवतात. त्या अवस्थेत तुमचं कार्ड काय करतं हेही बघा आणि माहितीपत्रकात लिहा.

ड्राय रन. पाणी संपलं की करंट उतरतो, एवढ्यावर बरीच कार्डं बेतलेली असतात. छोट्या मोटारीत मात्र करंटचा मोठा भाग चुंबकीकरणालाच लागतो, त्यामुळं भरलेल्या आणि कोरड्या अवस्थेतला फरक कमी असतो. रात्री व्होल्टेज वाढलं की कोरड्या मोटारीचा करंटही वाढतो आणि फरक आणखी पुसट होतो. भरलेली आणि कोरडी अशा दोन्ही अवस्थांत, कमी, नेहमीच्या आणि जास्त व्होल्टेजला, करंट आणि वॅट दोन्ही मोजा. वॅटमधला फरक करंटपेक्षा स्पष्ट दिसतो. शक्य असेल तर ट्रिप त्यावरच ठरवा.

सावधान: सबमर्सिबल कोरडी चालवायची तर मोजमापापुरती, काही सेकंदच. तिचे बेअरिंग आणि सील पाण्यावरच थंड राहतात.

## टप्पा ८ : मोजलेलं परत संगणकात न्या

वहीत अपेक्षित आकड्याशेजारी मोजलेला आकडा लिहा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढं जातो. जास्त असेल तर शंका याच क्रमानं घ्यायची: आधी प्रोब आणि मीटर, मग सोल्डरिंग आणि भाग, मग मॉडेल. एका वेळी एकच गोष्ट बदला.

या टप्प्याचा खरा फायदा बहुतेकजण घेतच नाहीत. स्कोपमधून फेज तुटतानाची लहर फाइलमध्ये साठवा. एलटीस्पाइसमध्ये ती फाइल सोर्स म्हणून लावता येते, म्हणजे खऱ्या मोटारीची लहर तुमच्या सेन्सिंगच्या तुकड्याला संगणकावर हवी तितक्या वेळा देता येते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक दुसरा मायक्रोकंट्रोलर घेऊन साठवलेले व्होल्टेज-करंट कमी व्होल्टवर कार्डाच्या सेन्सिंग पिनांना देणं. प्रोग्रॅम बदलला की अख्खी चाचणी रात्रभर आपोआप चालते आणि ४१५ व्होल्टच्या जवळ कुणाला जावं लागत नाही. छोट्या कारखान्याला हे सहज परवडतं.

## टप्पा ९ : उष्णता, ओल आणि लाइनीतले झटके

कार्ड ज्या पत्र्याच्या बॉक्समध्ये बसणार त्यातच, झाकण बंद करून, उन्हात ठेवून मोजा. उघड्या टेबलवरचं तापमान इथं निरुपयोगी. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) रेग्युलेटरला आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला चिकटवा. १०५ अंशांवर २००० तासांचा कंडेन्सर दर १० अंश कमी झाल्यावर साधारण दुप्पट टिकतो. ७५ अंशांवर १६००० तास, म्हणजे सतत चालू असेल तर दोन वर्षांपेक्षाही कमी.

गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात बॉक्सच्या आत दव धरतं. कोटिंग केलेलं आणि न केलेलं अशी दोन कार्डं शेजारी ठेवून पावसाळ्यात चालवा. याला सिम्युलेशनचा पर्याय नाही.

लाइनीतल्या झटक्यांची अधिकृत चाचणी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स रिजनल टेस्ट लॅबोरेटरीत किंवा पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या ठिकाणी होते. तिथं तासाचे पैसे लागतात, म्हणून घरची तालीम करून जा. स्नबर (कॉइलचा झटका शोषणारा भाग) नसलेली काँटॅक्टरची कॉइल कार्डाच्या अगदी जवळ, त्याच सप्लायवर, सारखी चालू-बंद होत राहील अशी जोडा. कार्ड रीसेट झालं किंवा डिस्प्ले बिघडला तर लॅबमध्येही नापास होणार असं समजा. इथं पास झालं तरी लॅबची खात्री नाही, पण ढोबळ दोष इथंच सापडतात.

## टप्पा १० : भाग बदलला तर काय पुन्हा करायचं

उत्पादन सुरू झाल्यावर एखादा पार्ट मिळत नाही आणि दुकानदार ‘सेम आहे’ म्हणून दुसरा देतो. तेव्हा पहिल्या टप्प्याची वही उघडा आणि त्या पार्टला लागून असलेले प्रश्नच पुन्हा तपासा.

ऑप्टोचा दर्जा बदलला तर सेन्सिंगच्या तुकड्याचं सिम्युलेशन पुन्हा टोकांसकट. कंडेन्सरचा ब्रँड बदलला तर मॉड्यूलच्या ठोक्याचा हिशेब आणि स्कोपवर एक मोजणी. रिले बदलला तर टेबलवर काँटॅक्टरसह चाचणी आणि बंद बॉक्समधलं तापमान. मोटारीचा करंट मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर बदलला तर सातवा टप्पा पूर्ण, त्यात सूट नाही. प्रोग्रॅमची एक ओळ बदलली तरी आठव्या टप्प्यातली रात्रभराची चाचणी, आणि ती पास झाल्यावरच नव्या आवृत्तीचा क्रमांक कार्डावरच्या स्टिकरवर.